दांडा सोडून सगळं फिरतं

इथली मराठी मंडळी ज्यांना मावशी म्हणत त्या बाईंच्या घरी मी भाड्याची खोली बघायला गेले, तर त्यांनी मला खोली दाखवलीच नाही. आधी गराजमध्ये नेलं. दोन गाड्या मावतील एवढं ते गराज, पण गाडी एकही नव्हती. मधोमध लाकडी घोडीवर एक इंजिन बसवलेलं होतं. मधे वाटोळं पोट आणि भोवती सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे सिलिंडर. पोटातून मागे एक जाड दांडा आला होता आणि पुढच्या बाजूला विमानाचा लाकडी पंखा लावायची जागा होती.

"यातलं काय फिरतं, सांग," त्या म्हणाल्या.

मी तेव्हा टेक्सासात, अर्विंगला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर नुकतीच लागले होते. नागपूरहून आले होते, फिरणारं म्हणाल तर डोक्यावरचा सीलिंग फॅन, एवढंच मला माहीत. मी म्हटलं, "माहीत नाही."

"छान. सामान कधी आणतेस?"

पुढे कळलं की माझ्या आधी चार-पाच जण येऊन गेले होते. सगळे इंजिनिअर. प्रत्येकानं त्या दांड्याकडे बोट दाखवून आत्मविश्वासानं "हा फिरतो" असं सांगितलं आणि प्रत्येक जण परत गेला होता. कारण तो दांडाच तेवढा फिरत नाही. तो विमानाला घट्ट बोल्ट केलेला असतो. बाकीचं सगळं इंजिन, सिलिंडर, पोट, पंख्यासकट, त्या दांड्याभोवती गरगर फिरतं. विमानाच्या अगदी सुरुवातीच्या काळात इंजिनं तापून बंद पडायची, आणि गार करायला पाणी न्यायचं तर वजन वाढायचं. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की वाऱ्याला इंजिनाकडे आणण्यापेक्षा इंजिनच वाऱ्यात फिरवू या. मावशी हे सांगताना त्या अनोळखी माणसाचं असं कौतुक करत, जसं आपण एखाद्या भाच्याचं करतो.

"पण मग ज्यांना उत्तर आलं नाही त्यांना खोली का नाही दिलीत?" मी एकदा विचारलं.

"उत्तर आलं नाही म्हणून नाही. माहीत नसताना सांगितलं म्हणून. असा माणूस गॅस चालू ठेवून बाहेर जाईल आणि विचारलं तर म्हणेल, बंद केलाय."

मावशी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होत्या त्या काळात वर्गात मुलगी म्हणून त्या एकट्याच असत. लग्न होऊन टेक्सासला आल्या आणि विमानांची पिस्टन इंजिनं उघडून, तपासून, परत जोडणाऱ्या एका कारखान्यात लागल्या. निवृत्त होईपर्यंत तिथेच. बुटक्या, रुंद मनगटांच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. अंबाड्यात पेन्सिल, कधी पेन्सिलीऐवजी पाना. सणाला साडी नेसत, पण पदर कमरेला खोचलेला असे आणि तो तसा का खोचलाय हे साडीवरचे काळे डाग सांगत.

आवाज मोठा होता. कान जात चालले होते म्हणून अजून मोठा झाला होता. कानात यंत्रं होती, पण इंजिन सुरू झालं की ती कुईं करत, म्हणून मावशी ती काढून ब्लाउजमध्ये ठेवत. त्यावर त्यांनी नवी युक्ती काढली होती. घरातलं लाटणं घ्यायचं, एक टोक यंत्राच्या सांगाड्याला टेकवायचं, दुसरं टोक दातांत धरायचं. थरथर हाडांतून थेट डोक्यात जाते. "कान गेले तर गेले, दात आहेत ना," असं त्या म्हणत. आमच्या वॉशिंग मशीनचं बेअरिंग खराब झालंय हे त्यांनी असंच ओळखलं होतं. मी अंघोळ करून बाहेर आले तर मावशी मशीनपुढे वाकलेल्या, तोंडात लाटणं आणि डोळे मिटलेले. मला वाटलं, काही तरी झटका वगैरे आला. मी किंचाळले. त्यांना अर्थातच ऐकू आलं नाही.

काका या सगळ्यापासून लांब असत. काका म्हणजे मावशींचे यजमान. हिशेबनीस म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, उंच, मितभाषी, दात मोत्यासारखे. गराजमध्ये पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा नेम. टेक्सासात वसंत आला की लिंबाएवढ्या गारा पडतात. शेजारीपाजारी आकाश काळवंडताच गाड्या आत घेत. काकांची गाडी बाहेरच. ते खिडकीशी चहा घेऊन उभे राहत आणि गाडीच्या टपावर पडणाऱ्या प्रत्येक मोठ्या गारेला नुसता "हं" म्हणत. मावशींना ते ऐकू येत नसे. मला येत असे.

आमच्या भागातल्या इंडियन ग्रोसरीत मावशींची एक ख्याती होती, ती एरंडेलामुळे. या फिरत्या इंजिनात पेट्रोलची वाफ इंजिनाच्या पोटातूनच जाते. साधं तेल त्यात विरघळून धुऊन जातं. एरंडेल तेवढं विरघळत नाही. म्हणून ही इंजिनं एरंडेलावर चालत. जेवढं आत जाई तेवढं सगळं धुरातून बाहेर उडे, निम्मं पायलटच्या तोंडात. "त्या काळचे पायलट शत्रूला नाही, पोटाला घाबरत," मावशी सांगत.

तर सुरुवातीला मावशी दुकानातून एरंडेलाच्या बाटल्या आणत. दिसतील तेवढ्या. तिसऱ्या खेपेला दुकानाच्या मालकीणबाईंनी काउंटरवरून वाकून हळूच विचारलं, "आंटी, डॉक्टर को दिखाया?"

"क्या?" मावशी ओरडल्या.

"डॉक्टर को! पेट के लिए!"

"पेट के लिए नहीं! इंजिन के लिए!"

मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी यातलं अर्धंच ऐकलं. त्यानंतर महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निदान तिघी-चौघींनी मावशींना बाजूला घेऊन इसबगोलचा सल्ला दिला. मावशींनी प्रत्येकीचे आभार मानले. नाही म्हणायला वेळ जातो, असं त्यांचं म्हणणं.

मंडळाशी त्यांचं एकूण सख्य होतं, पण एक प्रसंग आजही सांगितला जातो. गणपतीत एका पाहुण्यांचं व्याख्यान होतं. पाहुणे रंगात येऊन म्हणाले की अमेरिकेतल्या त्या दोघा सायकलवाल्या भावांच्या कितीतरी आधी विमान आपल्या गिरगाव चौपाटीवर उडालं होतं. टाळ्या पडल्या. मावशी उठल्या.

"इंजिन कुठलं होतं?"

"पाऱ्यावर चालणारं, असं सांगतात."

"सांगतात कोण, ते नको. ते उतरलं कसं?"

पाहुणे गोंधळले. "उतरलं म्हणजे… खाली आलं."

"खाली तर आंबाही येतो," मावशी म्हणाल्या, आणि मग सगळ्यांना वाटलं त्याच्या उलट पुढे बोलल्या. "ज्यानं त्या काळात हात घातला असेल त्याला माझा नमस्कार आहे. खोटं नाही म्हणत मी. पण इंजिन दाखवा, मी पहिली टाळी वाजवीन. तोवर हात मांडीवर." आणि खरोखरच हात मांडीवर ठेवून व्याख्यान संपेपर्यंत बसून राहिल्या.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं, ते मी पुढे माझ्या ऑफिसात अनेकदा वापरलं. त्या दोघा भावांच्या आधी थोडेच दिवस एका मोठ्या नावाजलेल्या शास्त्रज्ञानं सरकारी पाठबळानं विमान बनवलं होतं. त्याचं इंजिन बावन्न घोड्यांच्या ताकदीचं होतं, त्या काळात जगात तोड नसलेलं. ते विमान सुटलं ते सरळ नदीत पडलं. भावांचं इंजिन त्यांच्या दुकानातल्या मेकॅनिकनं घरच्या घरी बनवलेलं, बारा घोड्यांचं, धड कार्बुरेटरही नसलेलं. ते उडालं. कारण उडाल्यावर विमान वळवायचं कसं, सावरायचं कसं, याचा विचार भावांनी आधी केला होता. मावशी एवढंच म्हणत, "बावन्न घोडे नदीत पडले, बारा घोडे उडाले. लगाम बघा." कुणी नोकरी बदलत असो, कुणी पोरांना चौथा क्लास लावत असो, मावशींचं उत्तर हेच.

आता या इंजिनाला विमान कुठून मिळालं ते सांगते. डॅलसच्या उत्तरेला, शेतांमध्ये, गवताची एक धावपट्टी आहे. तिथे वॉल्टर नावाचा म्हातारा राहतो. जन्मभर शेतांवर फवारणी करणारी विमानं चालवलेला, ऐंशीच्या उंबरठ्यावरचा, तांबूस, वाकलेला माणूस. त्यानं जुन्या नकाशांवरून लाकूड आणि कापडाचं, एका माणसाचं, दोन मजली पंखांचं विमान स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. इंजिनही एका शेतकऱ्याच्या कोठारातून त्यानंच मिळवलं होतं, गंजलेलं, आत चिमण्यांची घरटी झालेलं. मावशी कारखान्यात होत्या तेव्हापासूनची त्यांची ओळख. तो मावशींना "डॉक" म्हणे, म्हणजे इंजिनांची डॉक्टर. ते इंजिन जिवंत करायला मावशींना काही वर्षं लागली. निम्मे भाग त्यांनी स्वतःच लेथवर नव्यानं केले.

ते जेव्हा पहिल्यांदा वॉल्टरच्या शेतात, ट्रेलरवर बांधून, चालू केलं तेव्हा मी हजर होते. वॉल्टरनं पंखा हातानं ओढला आणि एकदम ते अख्खं धूड दिसेनासं झालं. नुसतं एक चंदेरी वर्तुळ आणि एक आवाज. मोटारीसारखा नाही, जास्त खडबडीत, जास्त आनंदी. मी चुकीच्या बाजूला उभी होते. क्षणात कपाळापासून चपलांपर्यंत एरंडेलानं न्हाले. लहानपणी आई नाक दाबून चमचा पाजायची तीच चव. मावशी मला बघून पोट धरून हसल्या, मग गंभीर झाल्या, सांगाड्यामागे गेल्या आणि लाटणं दातांत धरलं.

या इंजिनाचं आणखी एक विशेष होतं. त्याला हळू-जोरात करायची सोय नव्हती. चालू म्हणजे पूर्ण चालू. उतरताना पायलट दांडीवरचं बटण दाबून ठिणगी बंद करतो, इंजिन गप्प होतं, नुसतं वाऱ्यानं फिरत राहतं. बटण सोडलं की पुन्हा गर्जतं. असं बंद-चालू, बंद-चालू करत जमिनीवर यायचं. काका एकदा जेवताना मला म्हणाले, "मला हे समजायला वेळ लागला नाही. सवय आहे." त्यांच्या तोंडून इंजिनाबद्दल ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

ऑक्टोबरमध्ये वॉल्टरच्या धावपट्टीवर जुन्या विमानांच्या शौकिनांचा मेळा भरतो. त्या वर्षी तिथे हे विमान उडायचं ठरलं. मंडळातले कितीतरी लोक प्लेनोहून, अर्विंगहून गाड्या भरून आले. पुलावाचे डबे, मुलं, घडीच्या खुर्च्या. वॉल्टर कातडी टोपी घालून तयार. विमान गवतावर उभं, चाकांना अडसर. इंजिन सुरू झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मावशी नेहमीप्रमाणे मागच्या बाजूनं विमानाच्या सांगाड्याला लाटणं लावून बसल्या.

मी त्यांचा चेहरा बघत होते. डोळे मिटलेले होते, ते उघडले. त्यांनी लाटणं दुसऱ्या जागी लावलं. तिसऱ्या जागी लावलं. मग उठून वॉल्टरसमोर गेल्या आणि गळ्यावरून आडवा हात फिरवला. बंद कर.

इंजिन थांबलं. 

"नॉट टुडे, वॉल्टर."

"काय झालं, डॉक?"

"आत काहीतरी टिकटिकतंय. बारीक. नियमित."

"मला काही ऐकू आलं नाही."

"मलाही ऐकू आलं नाही. मला जाणवलं."

वॉल्टर खाली उतरला. त्यानं टोपी काढली. हळू आवाजात बोलला, पण मावशींना ओठ वाचावे लागत म्हणून तोंड त्यांच्याकडे करून, एकेक शब्द सुटा. "डॉक, वसंतात पायलटच्या परवान्यासाठी माझ्या डोळ्यांची टेस्ट आहे. मागच्या वेळी मी कसाबसा पास झालो. पुढच्या वेळी होईन की नाही, माहीत नाही. आज नाही तर कदाचित कधीच नाही."

मावशींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग कुणी दुसरा उडवेल, आणि तू खुर्चीत बसून बघशील. जिवंत."

पाठीमागे कुणीतरी मराठीत म्हणालं, "म्हातारीला आता ऐकू येत नाही, काय तपासणार?" मावशींची पाठ होती. त्यांना कळलं नाही. काका त्या दिवशी आले नव्हते. मी वळून बघितलं, पण मलाही मनात तीच शंका होती. सगळ्यांनी पुलाव खाल्ला आणि घरी गेले.

हिवाळाभर ते इंजिन गराजमध्ये उघडलं गेलं. जुन्या चादरींवर एकेक भाग मांडलेला. मावशी भिंग लावून बघत, नखानं खरवडत, रंगीत पाणी सोडून भेगा शोधत. शनिवारी मीही रॉकेलमध्ये भाग धुवायला बसे. काही सापडलं नाही. एक भेग नाही, एक सैल बोल्ट नाही. दुसरं कुणी असतं तर काहीतरी बारीकसं सापडल्याचं सांगून मोकळं झालं असतं. मंडळात कुणी विचारलं की मावशी खणखणीत आवाजात सांगत, "अजून काही सापडलं नाही!" आणि समोरच्याचीच मान खाली जाई.

जानेवारीत संक्रांतीला काकांनी गुळाच्या वड्या केल्या. घरात स्वयंपाक बहुतेक तेच करत. पाक जरा पुढे गेला आणि वड्या दगड झाल्या. मावशींनी एक वडी कडकन फोडली आणि थांबल्या. तोंडात बोट घालून काहीतरी बाहेर काढलं. दाढेवर डेंटिस्टनं बसवलेली टोपी. तळहातावर घेऊन त्या बराच वेळ तिच्याकडे बघत बसल्या.

मग उठल्या, लाटणं घेतलं, स्वयंपाकघरातला मिक्सर चालू केला, लाटणं त्याला लावलं आणि दातांत धरलं. काका आणि मी बघतच राहिलो. मिक्सर बंद केला. टोपी परत दाढेवर बसवली, मिक्सर चालू केला, पुन्हा लाटणं धरलं.

"टिकटिक," त्या म्हणाल्या.

इंजिनात काही नव्हतंच. ढिली टोपी थरथरत होती. अख्खा मेळा थांबवला होता तो एका दाढेनं.

मला वाटलं, आता मावशी खचतील. निदान दोन दिवस तरी गप्प राहतील. त्यांनी तिथेच फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"वॉल्टर, इंजिन ठीक होतं. माझा दात सैल होता."

 मी फोनजवळ वाकून मावशींना खुणेनं सांगितलं, अजून लाइनवर आहे. मग वॉल्टर बोलू लागला, ते मी मावशींना मोठ्यानं सांगत गेले. "म्हणजे मी त्या दिवशी उडू शकलो असतो."

"हो. उडू शकला असतास. सॉरी, वॉल्टर. चूक माझी."

मावशींनी फोन आणखी जवळ ओढला.

"पण ऐक," मावशी म्हणाल्या, "पुन्हा तसं काही जाणवलं तर मी पुन्हा थांबवीन. दात असो, नाहीतर आणखी काही. चालेल तुला?"

यावेळी वॉल्टर हसला. "डॉक, म्हणून तर तुला बोलावलं."

फोन ठेवल्यावर काका उरलेल्या वड्यांच्या ताटाकडे बघत म्हणाले, "पाक पुढे गेला ते बरंच झालं म्हणायचं." मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. ओठ वाचले होते त्यांनी. मग एक वडी उचलून दुसऱ्या बाजूच्या दातांनी खाल्ली.

वॉल्टर एप्रिलमध्ये डोळ्यांची टेस्ट पास झाला. जाड चष्मा आणि पुष्कळ शिव्या, पण पास. मग पुन्हा उडायचं ठरलं, पण या वेळी कुणाला बोलावलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना निळी रानफुलं आलेली होती. मी गाडी चालवत होते, मावशी शेजारी. आणि निघताना काका मागच्या सीटवर येऊन बसले होते. "मी येतो," एवढंच म्हणाले. मावशींनी आरशात त्यांच्याकडे बघितलं आणि पट्टा लावा म्हणून खूण केली.

इंजिन सुरू झालं. मावशींनी लाटणं उचललं, सांगाड्याजवळ गेल्या, आणि मग मागे वळून ते काकांपुढे धरलं.

"अहो, तुम्ही धरा."

"मी?"

"तुमचे दात सगळे तुमचे आहेत."

काकांनी कोट काढून माझ्या हातात दिला. गवतात गुडघे टेकले. मावशींनी लाटणं योग्य जागी टेकवून दिलं आणि त्यांनी ते दातांत धरलं. आयुष्यभर कोरडे हिशेब केलेला तो उंच माणूस, पांढऱ्या शर्टावर एरंडेलाचे थेंब झेलत, डोळे मिटून बसला होता. मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. बराच वेळ. काकांनी डोळे उघडले आणि मान हलवली. काही नाही.

"नक्की?" मावशींनी विचारलं.

"एवढं नक्की मी संसारात कधीच काही बोललो नाही," काका म्हणाले.

मावशींनी वॉल्टरला अंगठा दाखवला.

विमान गवतावरून थोडंसं उड्या मारत गेलं आणि मग उड्या थांबल्या, एवढंच कळलं. ते वर होतं. एक मोठं वळण घेताना नाक खाली झुकलं, वॉल्टरनं सावरलं. सगळं इंजिन फिरतं म्हणून असं होतं, हे मला आता कळत होतं. मावशी आकाशाकडे बघत होत्या. विमान लहान होत गेलं तसं त्यांनी कानावर हात नेला, पण कानातली यंत्रं गाडीत राहिली होती.

"चालू आहे ना?" त्यांनी कुणाकडेच न बघता विचारलं.

काका त्यांच्या मागे उभे होते. त्यांनी तेलकट तळवा मावशींच्या खांद्यावर ठेवला आणि बोटांनी भराभर थाप देऊ लागले, इंजिनाच्या तालात. मावशींनी मागे वळून पाहिलं नाही. खांदा तेवढा किंचित मागे झुकला.

विमान उतरायला वळलं. आणि एकदम आवाज गेला. सगळ्या शेतावर चिडीचूप. मला माहीत होतं, तरी हातातला काकांचा कोट मी घट्ट आवळला. काकांची बोटं थांबली. मावशी शांत होत्या. मग एक निळा भपका आणि गर्जना, आणि खांद्यावरची बोटं पुन्हा पळू लागली. बंद. चालू. बंद. चालू. विमान पायऱ्या उतरल्यासारखं खाली येत होतं आणि प्रत्येक पायरी काकांच्या हातातून मावशींच्या अंगात पोचत होती. चाकं गवताला लागली. काकांची बोटं थांबली, हात तिथेच राहिला.

वॉल्टर विमान आमच्यापर्यंत घेऊन आला आणि त्यानं इंजिन बंद केलं. पायरीवरून तो सावकाश उतरला. चष्म्यावर तेलाचा थर, तोंडभर हसू. तो मावशींसमोर येऊन उभा राहिला, त्यांना दिसेल असं तोंड करून त्यानं विचारलं, "डॉक, जमिनीवरून आवाज कसा येत होता?"

मावशींनी काकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"एकदम खणखणीत," त्या म्हणाल्या. "एकही ठोका चुकला नाही."